टोपीभोवतीची पांढरी रेघ

न्यू जर्सीत लॅम्बर्टव्हिल म्हणून एक गाव आहे, डेलावेअर नदीच्या काठावर. गावाबाहेर रस्त्याला लागून जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, आपल्या पुण्यातल्या जुन्या बाजारासारखाच. उघड्यावर टेबलं मांडलेली, आणि टेबलांवर दिवे, चमचे, बाहुल्या, दाराच्या कड्या, कुणाकुणाच्या लग्नाचे अल्बम असं सगळं. मी तिथे पहिल्यांदा गेले ते पितळेचा डबा मिळतो का बघायला. डबा काही मिळाला नाही. एका म्हाताऱ्या माणसाच्या टेबलाखाली पुठ्ठ्याचं खोकं होतं, त्यात जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो उभे लावून ठेवलेले, ते मी नुसतेच बोटाने पुढेमागे करत बसले आणि एका फोटोवर हात थांबला.

फोटोत बेसबॉलचा एक खेळाडू होता. हात डोक्यामागे गेलेला, एक पाय वर, चेंडू फेकायच्या बरोबर आधीचा क्षण. तेव्हा मला बेसबॉलमधलं काही म्हणजे काही कळत नव्हतं, इथे येऊन अकरा वर्षं झाली होती तरी. पण त्या खेळाडूच्या गडद टोपीभोवती, खांद्याभोवती आणि वर उचललेल्या कोपराभोवती कुणीतरी ब्रशने बारीक पांढरी रेघ ओढली होती. नीट तिरकं धरून बघितलं तर रंगाचा थर दिसत होता, सुकून थोडा तडकलेला. आणि मागचं सगळं प्रेक्षागार करड्या रंगाने हलकं पुसून काढलेलं.

ती रेघ मी ओळखली. लहानपणी रोज बघितलेली रेघ आहे ती.

माझे बाबा ब्लॉकमेकर होते. पुण्यात शनिवार पेठेत एक प्रोसेस स्टुडिओ होता, तिथे त्यांनी सतरा-अठरा वर्षं काम केलं. आताच्या मुलांना ब्लॉक म्हणजे फोनवरचा ब्लॉक एवढंच माहीत, म्हणून सांगते. खिळ्यांच्या छपाईच्या काळात पेपरात फोटो छापायचा तर आधी त्याचा जस्ताच्या पत्र्यावर ब्लॉक करावा लागायचा. मोठ्या कॅमेऱ्याने फोटोचा फोटो काढायचा, मध्ये बारीक जाळीची काच लावून, तिला स्क्रीन म्हणायचे, आणि त्या जाळीमुळे फोटोचे ठिपके ठिपके व्हायचे. गडद जागी मोठे ठिपके, उजळ जागी बारीक. मग ते ठिपके पत्र्यावर उतरवायचे आणि पत्रा ॲसिडमध्ये टाकायचा, ठिपके सोडून बाकीचं ॲसिड खाऊन टाकतं, राहिलेला पत्रा लाकडी ठोकळ्यावर खिळ्यांनी ठोकायचा आणि मशीनवर द्यायचा. पेपराच्या खरबरीत कागदाला पासष्टची स्क्रीन, म्हणजे एका इंचात पासष्ट ओळी. एवढ्या जाड ठिपक्यांत बारकावे राहतच नाहीत. काळी टोपी काळ्या गर्दीसमोर असली की छापल्यावर टोपी आणि गर्दी एकच काळा डाग. म्हणून ब्लॉक करायच्या आधी फोटोवरच ब्रशने रेघ ओढायची, कड सोडवून घ्यायची. बाबांच्या भाषेत ‘माणूस सुटा करायचा’. त्यांच्या टेबलावर पांढऱ्या रंगाची बाटली आणि अगदी शून्य नंबरचा ब्रश असायचा, त्याला मी हात लावलेला त्यांना चालायचं नाही.

आणि इथे बारा-तेरा हजार किलोमीटरवर, एका अनोळखी माणसाच्या टेबलाखाली, दुसऱ्या कुणीतरी सुटा केलेला माणूस माझ्या हातात होता.

फोटो उलटा केला. मागे जांभळ्या शाईचा शिक्का, ॲक्मी न्यूजपिक्चर्स. खाली टाइप केलेली कागदाची चिठ्ठी चिकटवलेली, अर्धी फाटलेली, राहिलेल्या अर्ध्या भागात नाव शाबूत होतं, बॉब फेलर. त्यावर १९४६ चा तारखेचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेले काही आकडे, आणि लाल खडूने एक मोठा गोल. त्या म्हाताऱ्याने पंधरा डॉलर सांगितले, मी घासाघीस न करता दिले.

घरी येऊन बॉब फेलर कोण ते शोधलं. आयोवातल्या शेतकऱ्याचा मुलगा. १९३६ साली सतराव्या वर्षी क्लीव्हलंडकडून खेळायला लागला, शाळा अजून संपायची होती. पर्ल हार्बरवर हल्ला झाल्यावर लगेच नौदलात भरती झाला, ऐन भरातली वर्षं युद्धनौकेवर तोफांपाशी घालवली, आणि परत येऊन १९४६ च्या मोसमात ३४८ फलंदाज बाद केले, सगळे स्ट्राइकआउट, म्हणजे फलंदाजाला चेंडू नीट लागलाच नाही असे. माझा फोटो त्या वर्षीचा. हे वाचून मग फोटो पुन्हा बघितला तर त्या वर उचललेल्या पायात मला वेगळंच काही दिसायला लागलं, चार वर्षं समुद्रावर काढून आलेल्या माणसाची घाई म्हणा. तिथून हा छंद लागला. आता माझ्याकडे साठ-सत्तर फोटो आहेत. फार मोठा संग्रह नाही, खऱ्या संग्राहकांकडे हजारांनी असतात. पण माझा प्रत्येक फोटो मला दोन्ही बाजूंनी पाठ आहे.

प्रेस फोटो म्हणजे नक्की काय, हे मला विचाराल तर मी म्हणेन की तो एका दिवसासाठी केलेला कागद आहे. १९३०-४० च्या काळात फोटोग्राफर मैदानावर स्पीड ग्राफिक नावाचा अवजड कॅमेरा घेऊन जायचा, चार बाय पाच इंचाची फिल्म, एका होल्डरमध्ये दोनच, एक पुढून एक मागून. एक फोटो काढला की होल्डर उलटा करायचा, फ्लॅशचा बल्ब एकदाच पेटतो म्हणून तो बदलायचा, आणि तोवर मैदानावरचा क्षण निघून गेलेला. आजच्यासारखं बोट दाबून धरलं आणि वीस फोटो आले असं नाही. लांबून टिपायला तर बिग बर्था म्हणायचे असा तोफेसारखा लेन्सवाला कॅमेरा, तो स्टँडवर ठेवूनच वापरायचा. खेळ चालू असतानाच फिल्म ऑफिसात पाठवायची, डार्करूममध्ये धुवायची, प्रिंट काढायची, मागे चिठ्ठी चिकटवायची, आणि एडिटरने लाल खडूने चौकट आखून द्यायची, एवढाच भाग हवा. संध्याकाळच्या आवृत्तीत तो छापून आला की फोटोचं काम संपलं. मग तो लखोट्यात घालून खेळाडूच्या नावाने कपाटात. पेपरच्या ऑफिसातल्या त्या कपाटांच्या खोलीला हे लोक मॉर्ग म्हणतात, म्हणजे शवागार. शब्द ऐकून पहिल्यांदा अंगावर काटा आला होता. पण ते कपाट मेलेलं नसतं हो. तोच खेळाडू पुन्हा बातमीत आला की लखोटा उघडायचा, तोच फोटो पुन्हा छापायचा, मागे नवीन तारखेचा शिक्का मारायचा. माझ्याकडे एक फोटो आहे त्याच्या मागे सात शिक्के आहेत, सगळ्यात पहिला पदार्पणाच्या मोसमातला आणि सगळ्यात शेवटचा त्याच्या निधनाच्या दुसऱ्या दिवशीचा. पुढच्या बाजूला तो कायम तेवीस वर्षांचा, हसतोय. पाठीमागे सगळं आयुष्य शिक्क्यांनी मोजलेलं.

दूरच्या शहरात फोटो पाठवायचा तर आधी रेल्वेने किंवा विमानाने जायचा. १ जानेवारी १९३५ ला असोसिएटेड प्रेसने वायरफोटो सुरू केला. फोटो एका फिरत्या नळकांड्याला गुंडाळायचा, त्यावर प्रकाशाचा बारीक किरण सरकत जायचा, जिथे काळं तिथे कमी उजेड परत येतो आणि जिथे पांढरं तिथे जास्त, त्या कमीजास्तीचा वीजप्रवाह करून टेलिफोनच्या तारेवरून पाठवायचा, पलीकडे दुसऱ्या नळकांड्यावर फोटो पुन्हा उमटायचा. एका फोटोला आठ-दहा मिनिटं लागायची. वायरने आलेला फोटो ओळखायला सोपा, कॅप्शन फोटोच्या आतच खाली छापलेलं असतं आणि डोळ्याजवळ धरलं की आडव्या बारीक रेषा दिसतात. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “अगं, आमच्याकडे पण यायचे तसले, रेडिओफोटो म्हणायचो आम्ही. त्याचा ब्लॉक करायला जीव जायचा, रेषांवर जाळी बसली की चेहऱ्यावर लाटा उठायच्या.”

आता संग्राहकांमध्ये फोटोंचे चार प्रकार मानतात, टाइप वन ते टाइप फोर, आणि किंमत सगळी त्यावर. मूळ निगेटिव्हवरून, फोटो काढल्यापासून साधारण दोन वर्षांच्या आत काढलेली प्रिंट म्हणजे टाइप वन. मूळ निगेटिव्हवरूनच पण नंतर कधीतरी काढलेली ती टाइप टू. वायरने आलेली किंवा निगेटिव्हच्या नकलेवरून काढलेली, पण त्याच काळातली, ती टाइप थ्री, आणि तशीच पण उशिराची ती टाइप फोर. वर्गवारी उपयोगी आहे, मी पण वापरते, पण एक गोष्ट मला खटकते. लिलावात टाइप वनचा स्वच्छ, कोरा, कुणी हात न लावलेला फोटो सगळ्यात महाग जातो आणि ज्यावर एडिटरच्या खुणा, रंग, रेघा आहेत तो ‘खराब झालेला’ धरून स्वस्तात जातो. मला नेमका तोच हवा असतो. म्हणून तर माझ्या पगारात हा छंद बसतो.

फसले पण आहे. दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी ऑनलाइन एकाकडून जॅकी रॉबिन्सन या गाजलेल्या काळ्या खेळाडूचा १९४७ चा मूळ फोटो म्हणून घेतला, माझ्या मानाने खूप पैसे घातले होते, नवऱ्याला सुद्धा खरा आकडा नंतर सांगितला. फोटो सुंदर होता. पण हातात घेतल्यावर कागद फार पांढरा वाटला. मी औषधांच्या कंपनीत क्वालिटी लॅबमध्ये काम करते, तिथे टीएलसीच्या, म्हणजे औषधातली द्रव्यं वेगळी करून तपासायच्या, प्लेट बघायला अल्ट्राव्हायोलेट दिवा रोज वापरते, तसलाच एक छोटा टॉर्च घरी आणला आणि अंधार करून फोटोवर मारला. कागद निळा-पांढरा चमकला, नवीन धुतलेल्या शर्टासारखा. फोटोचा कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून त्यात एक द्रव्य घालायला लागले ते साधारण १९५० च्या दशकापासून, त्याच्या आधीचा कागद या उजेडात नुसता मळकट दिसतो, चमकत नाही. म्हणजे १९४७ चा असणं शक्यच नव्हतं. विकणाऱ्याने पैसे परत दिले नाहीत. त्या रात्री मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटलं ते याचं की तो फोटो मी दोन दिवस छातीशी धरून बसले होते. तेव्हापासून टॉर्च लागल्याशिवाय मी खूश होत नाही. आणि दुसरी खूण म्हणजे चांदी. जुन्या फोटोतली चांदी वर्षानुवर्षांनी गडद भागात पृष्ठभागावर येते, फोटो तिरका केला की कडेला आरशासारखी निळसर-चंदेरी झाक मारते. लोक त्याला दोष म्हणतात. मला ती म्हाताऱ्या माणसाच्या केसांसारखी वाटते, खोटी आणणं अवघड.

फोटोग्राफरांची नावं बहुतेक वेळा मागे नसतात, एजन्सीचा शिक्का असतो, बस्स. ज्यांची नावं राहिली त्यातला मला सगळ्यात जवळचा चार्ल्स कॉनलन. हा मुळात न्यूयॉर्कच्या एका पेपरात प्रूफरीडर. दिवसभर चुका तपासायच्या आणि सुट्टीच्या दिवशी मैदानावर कॅमेरा घेऊन जायचं, १९०४ पासून पुढे जवळजवळ चाळीस वर्षं. १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या हिलटॉप पार्कवर टाय कॉब, त्या काळचा मोठा फलंदाज, तिसऱ्या बेसकडे, म्हणजे धावताना गाठायच्या तिसऱ्या टप्प्याकडे, घसरत आला, बुटाचे खिळे पुढे, माती उडालेली, बेसवरचा जिमी ऑस्टिन तोल जाऊन पडतोय. ऑस्टिन कॉनलनचा मित्र. त्याला लागलं की काय या काळजीत कॉनलनला आपण फोटो काढला की नाही हेच आठवेना. असू दे म्हणून त्याने कॅमेऱ्यातली प्लेट, म्हणजे काचेची निगेटिव्ह, बदलून ठेवली. नंतर घरी धुवून बघतो तर त्या काळातला सगळ्यात गाजलेला बेसबॉलचा फोटो. मित्राच्या काळजीत बोट आपोआप दाबलं गेलं होतं. ही गोष्ट मी कितीदा वाचली असेल, प्रत्येक वेळी तो बदललेल्या प्लेटचा भाग आला की थांबते. प्रूफरीडरची सवय आहे ती, शंका आली की पुन्हा तपासायचं. पुढे याच कॉनलनने जागा नाही म्हणून आपल्या कितीतरी काचेच्या निगेटिव्ह स्वतःच नष्ट केल्या. एका दिवसाचं काम होतं ना ते, कुणाला वाटणार की शंभर वर्षांनी कुणी शोधेल.

आणि नॅट फाइन. १३ जून १९४८, यँकी स्टेडियमला पंचवीस वर्षं झाली म्हणून समारंभ, बेब रूथचा तीन नंबर त्या दिवशी कायमचा निवृत्त करायचा होता. बेब रूथ म्हणजे आपल्याकडे कुणाशी तुलना करायची, मला नाही जमत, ७१४ होमरन, म्हणजे साधारण आपल्या षटकारासारखे फटके, मारलेला हा माणूस अमेरिकेत नुसता खेळाडू नव्हता, घरातला होता. त्या दिवशी तो कॅन्सरने पोखरला होता, गणवेश अंगावर लोंबत होता. मैदानात जाताना आधार म्हणून कुणीतरी हातात बॅट दिली, ती काठीसारखी टेकत तो गेला. फाइन हेरल्ड ट्रिब्यूनचा फोटोग्राफर, खेळाचा नेहमीचा फोटोग्राफर आजारी म्हणून त्याला पाठवलेलं. सगळे समोरून फोटो काढत होते, फ्लॅश मारून. फाइन चालत मागे गेला. मागून दिसत होता तो आकडा तीन, वाकलेले खांदे, हातातली टोपी, बॅटवरचा भार, आणि समोर रांगेत उभे जुने सोबती. फ्लॅश न लावता, ढगाळ दिवसाचा जो काय उजेड होता त्यात त्याने तो फोटो काढला. पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं. बेब रूथ त्यानंतर दोन महिन्यांनी, १६ ऑगस्टला गेला. चेहरा न दाखवता एवढं सगळं सांगणारा दुसरा फोटो मी बघितलेला नाही.

ती बॅट कुणाची होती माहितीये? बॉब फेलरची. त्या दिवशी क्लीव्हलंडचा संघ पाहुणा होता, त्यांच्या रॅकमधून उचलून दिली होती. हे मला पंधरा डॉलरचा फोटो घेऊन तीन वर्षं झाल्यावर कळलं, आणि मी उठून ड्रॉवरमधून तो काढून पुन्हा बघत बसले.

आता थोडं वेगळं, पण हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. खोकी उपसताना एक गोष्ट हळूहळू लक्षात आली की १९४७ च्या आधीच्या खोक्यांत काळे खेळाडू जवळजवळ नसतातच. त्यांना मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या मुख्य स्पर्धेत, खेळूच देत नव्हते, त्यांच्या लीग वेगळ्या, नीग्रो लीग म्हणायचे, आणि गोऱ्यांचे मोठे पेपर तिकडे फोटोग्राफर पाठवायचे नाहीत. जॉश गिब्सन इतका मोठा फलंदाज, आता २०२४ मध्ये जेव्हा त्या लीगचे आकडे अधिकृत धरले तेव्हा .३७२ सरासरीने तो सगळ्या इतिहासात पहिला आला, टाय कॉबच्याही वर. पण त्याचे मूळ प्रेस फोटो शोधायला जा, हाताच्या बोटांवर मोजावे इतके समोर येतात आणि आले तर माझ्या आवाक्याबाहेर. तो २० जानेवारी १९४७ ला वारला, वय पस्तीस. ती बंदी मोडून जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून मैदानात उतरला १५ एप्रिल १९४७ ला. तीन महिने सुद्धा नाहीत मध्ये.

जे काही राहिलं ते काळ्यांच्या पेपरांमुळे राहिलं. पिट्सबर्ग कुरियरचा फोटोग्राफर टीनी हॅरिस, स्वतः बेसबॉल खेळलेला, त्याला वन शॉट म्हणायचे कारण एकच फोटो काढायचा आणि निघायचा. त्याच्या ऐंशी हजाराच्या आसपास निगेटिव्ह आज पिट्सबर्गच्या कार्नेगी म्युझियममध्ये आहेत. मी मुद्दाम ते बघायला पिट्सबर्गला गेले होते. बेसबॉल तर आहेच, पण लग्नं, पोरं, दुकानं, चर्चमधल्या बायका, एक अख्खी वस्ती त्या माणसाने राखून ठेवलीये.

परत येताना गाडीत सहा तास माझ्या डोक्यात पालवणकर बाळू होते, अस्पृश्य मानलेल्या जातीतले जुन्या काळचे क्रिकेटपटू. मी पुण्यात वाढले म्हणून नाव माहीत होतं. इंग्रजांच्या क्लबावर खेळपट्टीवर रोलर फिरवणारा मुलगा, नेटमध्ये साहेबांना तासन्‌तास चेंडू टाकणारा, आणि हिंदूंच्या संघात घेतल्यावर सुद्धा चहाच्या वेळी पॅव्हेलियनच्या बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा पिणारा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर शंभरावर विकेट घेतल्या त्यांनी. आणि तरी कर्णधार कधीच केलं नाही, तो मान भाऊ विठ्ठलला मिळाला, १९२३ मध्ये, तेही भांडून. बाळूंचा फोटो म्हटलं की त्या १९११ च्या संघाच्या ग्रुप फोटोतला चेहरा आठवतो. पण चेंडू सोडतानाचा, मनगट वळलेलं, पाय उचललेला, फेलरसारखा एखादा फोटो? माझ्या तरी कधी बघण्यात नाही. कुणी त्यांच्यावर एक प्लेट खर्च केली असती तर. जॅकी रॉबिन्सनचा माझा खरा फोटो, तो मग नंतर मिळाला, १९५० च्या दशकातला, बेसवरून धाव घ्यायला वाकलेला, कोपरा गेलेला म्हणून परवडला, तो बघताना मला कायम बाळूंचा न काढलेला फोटो पण दिसतो. माझ्या संग्रहातली सगळ्यात मोठी उणीव ती आहे आणि ती पैशांनी भरून निघणारी नाही.

हे फोटो बाजारात आले कसे, तर पेपर बुडायला लागले तसे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कित्येक पेपरांनी मॉर्ग रिकामी केली. जागेचं भाडं, कपाटं सांभाळायला माणूस नाही. अर्कान्सासमधल्या एका व्यापाऱ्याने तर कितीतरी पेपरांशी करार केले, तुमचे फोटो मी स्कॅन करून देतो, मूळ प्रिंट माझ्या, आणि पुढे त्याचा सगळा डोलारा फसवणुकीचा निघाला, २०१७ मध्ये त्याला जेलची शिक्षा झाली, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या पेपरांचे फोटो सुद्धा त्या भानगडीत अडकले होते. शंभर वर्षं एका लखोट्यात राहिलेले फोटो असे एकेक करून जगभर गेले. कधी कधी मनात येतं की मी पण त्या फुटाफुटीतलीच एक. लखोटा अख्खा राहायला हवा होता, लायब्ररीत, सगळ्यांसाठी. पण जो फुटलाच आहे त्यातला एक तुकडा नीट सांभाळणं मला जमतं, तेवढं करते. मागची चिठ्ठी सुटत आली तरी खेचत नाही, चिकटवलेलं कात्रण काढत नाही, रंग पुसत नाही, बॉलपेन जवळ आणत नाही. आम्लमुक्त कागद, पॉलिएस्टरचं पारदर्शक पाकीट, अंधार, कोरडी हवा. छापायचा हक्क तसाही माझा नाही, प्रिंट माझी असली तरी कॉपीराइट ज्याचा त्याचा. मी फक्त सांभाळणारी.

गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा आले होते. बाबा आता अठ्ठ्याहत्तरचे, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, पण भिंग लावून अजून पेपर वाचतात. एके दिवशी जेवणं झाल्यावर डायनिंग टेबलावर पांढरी चादर घातली आणि सगळे फोटो त्यांच्यापुढे मांडले. खेळाडू कोण याच्यात त्यांना काडीचा रस नव्हता. विली मेजचा १९५४ चा मैदानाकडे पाठ करून धावत घेतलेला कॅच, त्याचा माझ्याकडे वायर फोटो आहे, तो दाखवला तर म्हणाले, “चोवीस नंबर बरोबर वाचता येतोय, चांगलं काम केलंय.” मग फेलर हातात घेतला. भिंग लावलं. बराच वेळ काही बोलले नाहीत.

“हा डावरा होता,” बाबा म्हणाले.

मी म्हटलं नाही बाबा, फेलर उजव्या हाताने टाकायचा.

“तो नाही गं. रेघ ओढणारा. बघ ना, ब्रश सगळीकडे उजवीकडून डावीकडे सुटलाय, शेपूट डावीकडे बारीक होतंय. आणि घाईत होता. कोपराला दोनदा फिरवलाय.”

आठ वर्षं तो फोटो माझ्याकडे होता, मला हे दिसलं नव्हतं.

मग ते उठले आणि आतल्या खोलीतून बॅगेतनं काहीतरी घेऊन आले, आईच्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं. आईला पण माहीत नव्हतं. लाकडी ठोकळ्यावर ठोकलेला जस्ताचा ब्लॉक, तीन कॉलमी नसेल, दोन कॉलमी. काळवंडलेला, एका कोपऱ्याचा खिळा निघालेला. चित्र उलटं असतं ब्लॉकवर म्हणून आधी कळेना, मग दिव्याखाली धरलं तर चेहरा दिसला, अजित वाडेकर. १९७१ चा, वेस्ट इंडीज आणि इंग्लंड दोन्हीकडे जिंकून आलेल्या वर्षातला. ऑफसेट छपाई आल्यावर ब्लॉक लागेनासे झाले आणि स्टुडिओ बंद झाला तेव्हा सगळे ब्लॉक किलोने भंगारात गेले, हा एक त्यांनी मागून घेतला होता. ज्या फोटोवरून केला तो फोटो? “तो तेव्हाच गेला असेल गं. कोण ठेवतंय.”

मी ब्लॉक बोटांनी चाचपला, बारीक खरखर लागते, ठिपक्यांची. बाबांनी माझं बोट धरून ब्लॉकच्या एका कडेला नेलं. क्रिकेटमध्ये उलटं असायचं म्हणाले. यांच्याकडे टोपी काळी, मागे गर्दी काळी, म्हणून पांढरी रेघ. आपल्याकडे कपडे पांढरे, मागे आभाळ पांढरं, छापल्यावर माणूस आभाळात विरघळून जायचा, नुसतं तोंड आणि हात राहायचे. म्हणून मागे करडा रंग लावायचा, अगदी पातळ, कपड्याच्या कडेला थोडा दाट. कळता कामा नये पण दिसला पाहिजे.

“ही कॉलर बघ,” ते म्हणाले, “ही कड माझी आहे.”